स्पोर्ट्स कारला नंतर बसवलेलं इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन टिकतं का?

गेल्या जुलैतली गोष्ट. घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका गिऱ्हाइकाचा सकाळी साडेसातला फोन आला. "दादा, मीटरवर पिवळा दिवा लागलाय आणि गाडी अशी आदळतेय की कंबर धरायची वेळ आलीय." गाडी दोन सीटांची, जर्मन, सात वर्षं जुनी. दीड वर्षापूर्वी त्याने तिला परदेशातून मागवलेलं इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन बसवून घेतलं होतं. वागळे इस्टेटला माझ्याकडे पोचेपर्यंत त्याने मनाशी पक्कं करून टाकलं होतं की कंट्रोलर, म्हणजे त्या सस्पेन्शनचा कॉम्प्युटर, गेला, आता मोठा खर्च.

गाडी लिफ्टवर घेतली. चारही शॉकअप कोरडे, तेलाचा टिपूस नाही. स्कॅनर लावला तर मागच्या उजव्या चाकाच्या सर्किटचा फॉल्ट. त्या चाकाच्या आतल्या अंगाला वायर जिथे शॉकअपला जोडते तो कपलर मी सोडवला, तर आधी त्यातून दोन थेंब गढूळ पाणी ओघळलं. टॉर्च मारून आत पाहिलं. दोन पिनांपैकी एक चकचकीत होती, दुसरीवर मोरचुदी रंगाची पूड धरली होती. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक राहिलं की जसं कळकतं, तशी ती पिन कळकली होती. नवा कपलर, दोन टर्मिनल, थोडं सिलिकॉन ग्रीस, तासाभराचं काम. दिवा गेला आणि गाडी पुन्हा मऊ चालायला लागली.

मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. अशी महागडी किट बसवलेल्या गाड्या माझ्याकडे येतात त्या बहुतेक बिघडल्यावरच. त्यामुळे "हे टिकतं का?" असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: त्यातलं इलेक्ट्रॉनिक्स सगळ्यात शेवटी मरतं. त्याच्या आधी पाणी, रबर, सील, चुकीची ओढलेली वायर आणि घाईत आवळलेला बोल्ट यांचा नंबर लागतो. हे असं का होतं ते कळायला आधी शॉकअप करतो काय ते बघायला हवं.

स्प्रिंग आणि शॉकअप

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. खड्ड्यातला धक्का आधी तीच गिळते. पण स्प्रिंग एकदा दाबली की सुटल्यावर वर जाते, परत खाली येते, परत वर. झोपाळ्याला एक झोका दिला की तो आपसूक थांबायला वेळ लागतो, तसंच. ते हेलकावे थांबवायचं काम शॉकअपचं. आतून तो रंगपंचमीच्या पिचकारीसारखा असतो. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. पिचकारी हळू दाबली तर सहज दाबली जाते, जोरात दाबायला गेलं की ती हाताला विरोध करते. तेलाला त्या भोकांतून जबरदस्तीने जावं लागतं, त्यात हेलकाव्याची ताकद जिरते आणि तिची उष्णता होते. घाट उतरून आलेल्या गाडीच्या शॉकअपला हात लावून बघा, चांगला तापलेला असतो. ही उष्णता लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता अडचण अशी की शॉकअपला एका वेळी दोन वेगळी कामं करायची असतात. गाडीचं अंग सेकंदाला साधारण एक-दोनदा वरखाली होतं. चाक मात्र खडबडीत रस्त्यावर सेकंदाला दहा-पंधरा वेळा उडतं. अंग आवरायला शॉकअप कडक हवा, चाक रस्त्याला चिकटून राहायला तो बऱ्यापैकी मऊ हवा. साध्या शॉकअपची भोकं कारखान्यात ठरतात, म्हणून कंपनीला कुठेतरी मधलं माप निवडावं लागतं. स्पोर्ट्स कारचं माप कडक बाजूला झुकलेलं असतं. पाम बीच रोडवर ते सुंदर वाटतं. तीच गाडी तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या आतल्या रस्त्याला वळवली की पेव्हर ब्लॉकचा एकेक सांधा पाठीत कळतो.

इलेक्ट्रॉनिक शॉकअप ही भोकं गाडी चालू असतानाच लहानमोठी करतो. चाकांची उंची, अंगाला बसणारे हादरे, स्टिअरिंगचा कोन, ब्रेकचा दाब हे सगळं कंट्रोलर सतत वाचतो आणि प्रत्येक शॉकअपला किती कडक व्हायचं ते सांगतो. चांगल्या व्यवस्थेत हा बदल दहा-पंधरा मिलिसेकंदांत होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी १० मिलिसेकंदांत जेमतेम १७ सेंटिमीटर पुढे सरकते. म्हणजे चाक खड्ड्याची पहिली कडा उतरून पलीकडच्या कडेला लागेपर्यंत शॉकअपने स्वतःला बदललेलं असतं. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला फार नवल वाटलं होतं, आजही वाटतं.

एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. याने गाडी मजबूत होत नाही. स्प्रिंग तीच, टायर तोच, रिम तीच. खोल खड्ड्यात रिम वाकायची ती वाकतेच.

सगळी किट एक नसतात

"इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन" या एकाच नावाखाली बाजारात चार-पाच वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि त्यांचं टिकणं एकमेकांसारखं अजिबात नसतं.

सगळ्यात जास्त दिसतो तो विजेच्या व्हॉल्व्हचा प्रकार. शॉकअपमध्ये किंवा त्याच्या बाजूला एक कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, असते, तिच्यात करंट कमीजास्त केला की तेलाची वाट अरुंद किंवा रुंद होते. बिलस्टाइनचं डॅम्पट्रॉनिक आणि केडब्ल्यूचं डीडीसी या जातीतलं. ज्या गाडीत कंपनीचंच इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन आहे, तिथे ही किट गाडीच्या मूळ वायरिंगला आणि मूळ बटणांना जोडली जातात. नवी वायर जवळजवळ ओढावी लागत नाही, आणि माझ्या लेखी हा सगळ्यात मोठा गुण आहे.

दुसरा प्रकार चुंबकीय तेलाचा. या तेलात काही मायक्रॉन जाडीची लोखंडाची पूड मिसळलेली असते. दट्ट्यातल्या कॉइलमधून करंट गेला की पूड चुंबकाने ओळीत उभी राहते आणि तेल क्षणात दाट होतं. डेल्फी कंपनीने हे 'मॅग्नेराइड' या नावाने आणलं, २००२ सालच्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये ते पहिल्यांदा आलं, पाठोपाठ कॉर्व्हेटमध्ये. २००९ मध्ये डेल्फीने तो धंदा बीडब्ल्यूआय या चिनी कंपनीला विकला. यात हलणारा व्हॉल्व्हच नाही, म्हणून अडकण्यासारखं काही नाही. पण तेलात लोखंडाची पूड असल्याने सीलवर ताण जास्त, आणि सील गेलं की आपल्याकडच्या साध्या शॉकअप रिपेअरवाल्याला ते भरता येत नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात सोपा. हाताने फिरवायच्या स्क्रूचे कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग अंगावरच बसवलेले शॉकअप, असतात ना, त्या स्क्रूच्या डोक्यावर छोटी मोटर बसवायची आणि आत डॅशबोर्डवर एक डबी. जपानच्या टाइनचं ईडीएफसी हे असंच. हे मिलिसेकंदांच्या शर्यतीत नाही, पण बिघडलं तरी शॉकअप जिथे होता तिथेच राहतो. मोटर काढून टाकली की परत हाताने फिरवता येतो. साधेपणाची मला कायम कदर वाटत आली आहे.

आणि मग हवेचं सस्पेन्शन. स्प्रिंगच्या जागी रबरी फुगा, डिकीत कॉम्प्रेसर आणि टाकी. उंची बदलता येते म्हणून आपल्याकडच्या गतिरोधकांवर ते मोहात पाडतं. त्याचं मरण बहुतेक वेळा एकाच वाटेने येतं. कुठल्यातरी जोडातून हवा हळूहळू गळते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर दिवसभर चालत राहतो आणि शेवटी जळतो. लोक कॉम्प्रेसर बदलतात, गळती तशीच ठेवतात, सहा महिन्यांत दुसरा कॉम्प्रेसर जातो. साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायला अर्धा तास लागतो. दुसरं म्हणजे पावसाळ्यातली दमट हवा. ती सुकवायला एक ड्रायर असतो, त्यात बुटांच्या खोक्यातल्या पुडीत असतात तसे दाणे. ते ओले होऊन बसले की पाणी टाकीत आणि व्हॉल्व्हमध्ये शिरतं.

हे सगळे प्रकार रस्त्याला उत्तर देतात. गाडीला स्वतःहून उचलणारं, वळणात सपाट धरून ठेवणारं खरं 'ॲक्टिव्ह' सस्पेन्शन वेगळं. १९९२ साली नायजेल मॅन्सेल ज्या विल्यम्स एफडब्ल्यू१४बी मोटारीवर फॉर्म्युला वनचा विजेता झाला तिच्यात ते होतं, आणि १९९४ पासून त्या शर्यतीत त्यावर बंदी आली. विक्रेता जेव्हा अशा शर्यतीच्या गाड्यांचं नाव घेतो तेव्हा एवढंच आठवावं की त्या गाडीला एका वेळी दोन तास टिकायचं होतं आणि तिच्यामागे इंजिनियरांची फौज उभी होती. तुमच्या गाडीला चार पावसाळे काढायचे आहेत.

साखळीचा हिशोब

समजा किटमधला प्रत्येक भाग वर्षभर न बिघडण्याची खात्री ९९ टक्के आहे. ऐकायला उत्तम. आता भाग मोजा: चार शॉकअप, चार व्हॉल्व्ह, चार कपलर, चार वायर, चार उंचीचे सेन्सर. झाले वीस, अजून कंट्रोलर, फ्यूज आणि अर्थ धरलाच नाही. यातला एक गेला तरी दिवा लागतो. मग वर्षभर दिवा न लागण्याची शक्यता ९९ टक्के राहत नाही, ०.९९ ला वीस वेळा गुणायचं, उत्तर येतं साधारण ८२ टक्के. आणि प्रत्येक भाग ९९ ऐवजी ९८ टक्क्यांचा असला, म्हणजे फक्त एका टक्क्याने हलका, तर तीच शक्यता ६७ टक्क्यांवर येते. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण गणित खरं आहे. स्वस्त किट आणि चांगलं किट यांच्यात प्रत्येक भागात फरक थोडाच असतो, एकत्र केल्यावर तो डोळ्यांत भरतो.

म्हणून "बिघडेल का?" यापेक्षा "बिघडल्यावर गाडी कुठल्या अवस्थेत राहील?" हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो. एका कोपऱ्यात फॉल्ट आला की बहुतेक कंट्रोलर चारही शॉकअपचा करंट बंद करतात, म्हणजे गाडी एका अंगाला मऊ आणि दुसऱ्या अंगाला कडक होऊ नये. करंट बंद झाल्यावर चुंबकीय तेल पातळ होतं, म्हणजे गाडी एकदम मऊ, बोटीसारखी डुलणारी. व्हॉल्व्हवाले काही शॉकअप मधल्या मापावर येतात, काही कडक होतात. माझ्या त्या गिऱ्हाइकाचे कडक होणारे होते, म्हणून एका पिनेपायी चारही चाकं आदळत होती. हवेवालं गळलं तर गाडी सकाळी पार्किंगमध्ये बसलेली सापडते. विकत घेण्याआधी हे विचारून ठेवा. एक्सप्रेस वेवर ताशी १०० ने जाताना अवस्था अचानक बदलली तर आपल्याला कळायला हवं की काय झालंय.

पाणी आत शिरतं कसं

कपलरवर 'आयपी ६७' लिहिलेलं असतं. त्यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी चालतं. मग माझ्या गिऱ्हाइकाच्या कपलरमध्ये पाणी आलं कुठून?

मघाशी सांगितलेली उष्णता आठवा. शॉकअप तापतो, त्याला चिकटलेला कपलर तापतो, आतली हवा फुगते. गाडी माजिवड्याच्या पुलाखालच्या गार पाण्यात शिरते. कपलर झटकन थंड होतो, आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढते. एका वेळी अर्धा थेंबही नाही. पण ठाण्या-मुंबईच्या पट्ट्यात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि रोज चार वेळा हे होत असेल तर सप्टेंबरपर्यंत आत तळं साचतं. दुसरी वाट त्याहून फसवी. वायर कुठेतरी वर सोलली गेली असेल तर पाणी तांब्याच्या बारीक तारांमधून दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं चढतं आणि प्लास्टिकच्या आतून प्रवास करत थेट पिनेपाशी पोचतं. बाहेरून कपलर कोरडा, आतून ओला. तिसरी वाट आपणच उघडतो. वॉशिंग सेंटरला चाकाच्या आत जवळून प्रेशर मारायला लावतो. ६७ चा आकडा बुडण्यासाठी आहे, जवळून मारलेल्या जोरदार धारेसाठी नाही. त्या धारेसाठी '९के' अशी वेगळी परीक्षा असते. किट विकणाऱ्याला हा आकडा विचारा.

पाण्याशिवायही पिना खराब होतात. कथील चढवलेल्या दोन पिना खडबडीत रस्त्यावर एकमेकींवर केसाएवढ्या घासत राहतात. प्रत्येक वेळी थोडं कथील निघतं, त्याची काळी पूड होते, ती वीज नीट जाऊ देत नाही. मग फॉल्ट येतो, जातो, गॅरेजमध्ये आणलं की गायब. अशा वेळी मीटरने रेझिस्टन्स मोजला तर तो ठीक दिसतो, कारण मीटर फार कमी करंट सोडतो. मी इंजिन चालू ठेवून स्कॅनरवर डोळा ठेवतो आणि एकेक वायर हाताने हलवतो. आकडा उडाला की चोर सापडला. याला दुसरी युक्ती मला तरी सापडलेली नाही.

वायर कुठून नेली हेही तितकंच महत्त्वाचं. चाक वळतं, वरखाली होतं, वायरला तेवढी ढील हवी आणि ती टायरला लागता कामा नये. नवी मुंबईतल्या एका दुकानात बसवलेलं एक किट माझ्याकडे आलं होतं. किट उत्तम, बसवणाऱ्याने वायर ब्रेकच्या पाइपला प्लास्टिकच्या टायने बांधली होती. पाच महिन्यांत वायरने स्वतःचंही आवरण घासून घेतलं होतं आणि पाइपावरचा रंगही. ते पाहून माझ्या अंगावर काटा आला. सस्पेन्शनच्या दिव्यापेक्षा तो ब्रेकचा पाइप जास्त भयंकर होता.

दोष इलेक्ट्रॉनिक्सचा वाटतो, असतो लोखंडाचा

"नवीन इलेक्ट्रॉनिक शॉकअप टकटक वाजतात" ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे शॉकअप चांगले असतात. आवाज येतो तो वरच्या माउंटमधून, म्हणजे शॉकअपचं वरचं टोक गाडीच्या अंगाला जिथे बसतं तिथून. शर्यतीच्या किटमध्ये रबराऐवजी लोखंडी गोळ्याचं माउंट देतात, वळणात गाडी जास्त चपळ होते म्हणून. रेसट्रॅकवर ठीक, आपल्या धुळीत आणि चिखलात तो गोळा वर्षभरात सैल होतो. रस्त्यावरच्या गाडीला रबरी माउंट मागून घ्या.

दुसरं कारण म्हणजे उंची. किट बसवताना गाडी दोन-तीन सेंटिमीटर खाली घेण्याचा मोह सगळ्यांना होतो. बऱ्याच स्पोर्ट्स कारचं पोट रस्त्यापासून ११ ते १३ सेंटिमीटरवर असतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, ताशी २५ च्या वेगाला हळुवार वाटेल असा. सोसायटीच्या गेटवरचे किती त्या मापाचे आहेत ते तुम्हीच बघता. पोट घासणं तर दिसतं, न दिसणारं नुकसान वेगळंच. गाडी तीन सेंटिमीटर खाली आली की शॉकअपला दाबायला तेवढी जागा कमी उरते. मोठ्या खड्ड्यात दट्ट्या तळाला आपटतो. कंट्रोलर कितीही हुशार असला तरी जागाच नसेल तर तो काय करणार? अशा आपटण्याने दांड्याचं क्रोम दुखावतं, किंवा खडी लागून त्याला टोचा पडतो, आणि मग दांडा आतबाहेर होताना प्रत्येक फेरीला तो टोचा सील कापत राहतो. तेल गळायला लागतं आणि दोष पडतो कॉम्प्युटरवर.

अजून एक गोष्ट, जी चांगल्या चांगल्या गॅरेजात चुकते. चाकाला गाडीच्या अंगाशी जोडणारे दांडे म्हणजे सस्पेन्शनचे आर्म; त्यांच्या सांध्यांतले रबरी बुश असलेले बोल्ट गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना कधीच पक्के आवळू नयेत. तसे आवळले तर गाडी खाली उतरवताच प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. आधी गाडीचं वजन चाकांवर आणायचं, मग शेवटचा टॉर्क द्यायचा. त्यानंतर अलाइनमेंट, आणि उंचीच्या सेन्सरना नवी उंची 'शिकवणं'. हे शेवटचं राहिलं तर कंट्रोलरला गाडी कायम दबलेली वाटते आणि तो चुकीचे हुकूम देत बसतो. उभी गाडी, उगाच लागलेला दिवा, आणि मालकाचा ठाम समज की किटच खराब.

इथल्या स्पोर्ट्स कारचं एक वेगळं दुखणंही सांगायला हवं. त्या जूनमध्ये कव्हरखाली जातात आणि गणपतीनंतर बाहेर निघतात. बाहेरून जोडलेला कंट्रोलर गाडी बंद असतानाही थोडा करंट खातो. तो ३० मिलिॲम्पिअर जरी धरला तरी महिन्याला २१ ॲम्पिअर-तासांच्या वर जातो, म्हणजे मध्यम बॅटरीचा तिसरा हिस्सा. दोन महिन्यांनी अर्धमेल्या बॅटरीवर गाडी चालू केली की व्होल्टेज पडतं आणि चारही चाकांचे खोटे फॉल्ट एकदम येतात. अशा वेळी पहिलं काम बॅटरी पूर्ण चार्ज करणं. कंट्रोलरला मुख्य लाइनवर न जोडता चावीच्या लाइनवर जोडला असेल तर हे दुखणं उरतच नाही.

काही जण उलट करतात. कंपनीचे इलेक्ट्रॉनिक शॉकअप गेले की साधे बसवतात आणि दिवा लागू नये म्हणून कपलरला एक रेझिस्टर लावतात, जेणेकरून गाडीला वाटावं की कॉइल अजून आहे. नामांकित कंपन्या यासाठी तयार मॉड्यूल देतात, ते ठीक. पण सुटा रेझिस्टर टेपने गुंडाळून कार्पेटखाली टाकलेला मी पाहिला आहे. त्यातून सतत करंट जातो, तो तापतो. कार्पेट भाजलेलं होतं. असलं काम कोणाकडून करून घेऊ नका.

सुटे भाग, कायदा आणि विमा

चांगली किट बनवणारे बरेचसे मोटार कंपन्यांनाच माल देणारे आहेत. बिलस्टाइन थिसेनक्रुपच्या घरातली, साक्स झेडएफच्या. त्यामुळे मालाच्या दर्जाची काळजी मला फारशी नसते. काळजी असते ती एक सील गेलं तर काय, याची. ते इथे उघडून भरणारं कोणी आहे का, की शॉकअप परदेशी पाठवायचा? पाठवायचा असेल तर कस्टममधून परत येईपर्यंत गाडी उभी. म्हणून माझा आग्रह असतो की मूळ शॉकअप भंगारात किंवा दुकानात देऊ नका. पुसून, उभे, कोरड्या जागी घरी ठेवा. गाडी तेवढे दिवस चालू राहते आणि विकताना किंमतही टिकते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ मापापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठासून सांगितलं. कलम १८२अ खाली परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा गाडी एमएच-०४ ची असो की एमएच-४३ ची, काम करायच्या आधी आरटीओत विचारा. विमा कंपनीलाही लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. न कळवलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या नजरेत आला की दावा अडकतो.

माझा मामेभाऊ वाशीला राहतो. त्याची जुनी स्पोर्ट्स कार हल्ली सैल वाटते म्हणून तो असंच एक व्हॉल्व्हवालं किट घ्यायला निघाला होता. मी म्हटलं, आधी गाडी आण. लिफ्टवर घेऊन पहार लावून बघितलं तर पुढचे दोन्ही लोअर आर्मचे बुश फाटलेले, वरचं एक माउंट खाली बसलेलं, मूळ शॉकअप मात्र कोरडे. बुश आणि माउंट बदलले, बोल्ट गाडी खाली उतरवून आवळले, अलाइनमेंट केलं. त्या रात्री तो वाशीहून बेलापूरपर्यंत पाम बीचने गेला आणि परत येताना मुद्दाम सायन-पनवेल हायवेच्या खराब पट्ट्यातून आला. घरी पोचून फोन केला, म्हणाला, "अरे, ही गाडी अशी चालायची हे मी विसरूनच गेलो होतो."

किटचा विचार त्याने सोडलेला नाही. दिवाळीनंतर बसवायचं ठरलंय: मूळ वायरिंगला जोडणारं, रबरी माउंटचं, उंची आहे तेवढीच ठेवून. वायर मी ओढणार आहे, आणि पुढच्या मेच्या शेवटच्या आठवड्यात चारही कपलर उघडून बघायला त्याने गाडी आणायची आहे.